पाण्यातील तोल आणि समत्वाचा प्रश्न

समत्व ही एकदा प्राप्त झाली की टिकून राहणारी अवस्था आहे, की क्षणोक्षणी तोल सावरण्याची क्रिया आहे, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. बॉयन्सी कॉम्पेन्सेटर, म्हणजे हवा भरून किंवा सोडून पाण्यातील तरंगण्याची क्षमता कमीजास्त करणारे पाणबुड्याचे जाकीट, निवडताना हाच प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर सोडवावा लागतो.

प्लावक बल, म्हणजे पाण्याने वस्तूला वर ढकलण्याचा जोर, आणि वस्तूचे वजन समान झाले, की ती बुडत नाही आणि वरही येत नाही. पण हा समतोल अस्थिर असतो. समुद्रात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो आणि बॉईलच्या नियमानुसार वाढत्या दाबाने वायू आकसतो. म्हणून पाणबुड्या किंचित खाली गेला, तर जाकिटातील हवा आकसून तो आणखी बुडू लागतो आणि किंचित वर आला, तर तीच हवा प्रसरण पावून त्याला आणखी वर ढकलते. शिवाय 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने भरलेली हवा जवळजवळ 3 किलो वजनाची असल्याने, ती जसजशी संपते तसतसा तो हलका होत जातो.

अधिक हवा मावणारे जाकीट अधिक सुरक्षित, हा समज येथे फसवा ठरतो. मोठ्या जाकिटाच्या भरवशावर खाली जाण्यासाठी कमरेला जादा शिसे बांधले, तर ते पेलण्यासाठी जादा हवा भरावी लागते आणि जितकी हवा जास्त, तितकी खोलीतील प्रत्येक बदलाची प्रतिक्रिया तीव्र होते. उलट जाकीट फार लहान असेल, तर ते पृष्ठभागावर माणसाला तरंगत ठेवू शकत नाही. थंड समुद्रातील 7 मिलिमीटर जाडीच्या, अधिक तरंगणाऱ्या पोशाखाला जे जाकीट योग्य, ते मालवणच्या उबदार पाण्यातील पातळ पोशाखाला अनावश्यक मोठे ठरते. ॲरिस्टॉटलने 'निकोमॅकियन एथिक्स'मध्ये सुवर्णमध्य हा अंकगणिती नसून व्यक्तिसापेक्ष असतो असे प्रतिपादन केले आणि मल्ल मायलोला पुरेसा न होणारा आहार नवशिक्याला अति होतो, हे उदाहरण दिले, ते याच अर्थाने.

गीतेतील स्थितप्रज्ञाची, म्हणजे स्थिर बुद्धीच्या माणसाची, कल्पना मात्र अढळ स्थैर्य सुचवते, असा आक्षेप येथे संभवतो. तथापि गीतेतील समत्वाचा उपदेश कर्म सोडून बसलेल्याला नव्हे, तर रणांगणावर उभ्या असलेल्या अर्जुनाला केलेला आहे, आणि चंचल मन आवरण्यासाठी सहाव्या अध्यायात अभ्यास व वैराग्य, म्हणजे सततचा सराव आणि आसक्तीचा त्याग, हे दोन उपाय सांगितले आहेत. तेव्हा स्थैर्य परिस्थितीत नसून सावधपणात असते आणि साधन त्या सावधपणाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून पाणबुड्याने आधी शिसे नेमके मोजावे, मग गरजेपुरतेच जाकीट घ्यावे. समत्वाच्या साधकानेही प्रथम अनावश्यक भार उतरवावा आणि उरलेला तोल रोजच्या अभ्यासाने सांभाळावा.