नाकाचा प्रश्न

आमच्या अंबाजोगाईच्या घरात एक रौप्यपदक आहे. माझं नव्हे. मला जन्मात एकदाच बक्षीस मिळालं, तेही शाळेत, स्वच्छ नखांबद्दल. पदक माझ्या थोरल्या बंधूंचं. मेडिकलला सर्जरीत पहिले आले म्हणून मिळालेलं. कोणा नामांकित सर्जनच्या स्मरणार्थ ते ठेवलेलं होतं. एका बाजूला साहेबांचा चेहरा, कडेने नाव. बंधू गेल्यावर ते आमच्याकडे आलं आणि आमच्या सौ.नं ते दर दिवाळीला देवाच्या उपकरण्यांबरोबर रांगोळीनं घासायला सुरुवात केली. वीस दिवाळ्यांत आधी नाव गेलं, मग साहेबांचं नाक.

परवा सौ. म्हणाली, "याचे नातीला पैंजण करू."

"छे! कृतघ्नपणा होईल तो."

"कुणाशी?"

आता आली का पंचाईत! नाव मलाही आठवेना. ज्याचं नावच ठाऊक नाही त्याच्याशी माणसाला कृतघ्न होता येतं का?

रात्री झोप येईना तेव्हा मला दुसरंच एक नाक आठवलं. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिचारा तसाच हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचं नाक बनवलं, ते कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांमध्ये जोडलेली ठेवून खाली वळवली आणि चिकटवली. चिकटवायला काय, तर काथ! आपण पानाला लावतो तो. वर तुपात भिजवलेली पट्टी. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं ऑक्टोबर १७९४ मध्ये हे सारं छापलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं आधी प्रेतांवर हात बसवला आणि १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. तिथून ही युक्ती युरोपभर गेली.

त्या छापील मजकुरात पेशंटचं नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. करणारा? विटा पाडणाऱ्या जातीतला एक माणूस. संपलं. त्याचं पदक पाडायचं म्हटलं तर कडेनं लिहायचं काय आणि मधे चेहरा कुणाचा काढायचा? जगातलं पहिलं बिननाकाचं पदक आमच्याकडे तयारच आहे म्हणा.

अर्थात त्या गृहस्थाला त्याचं काही वाटलं नसेल. नाक बसवलं, भट्टीकडे परत गेला असेल. पण मला वाटतं ना! आमच्या बंधूंनी बीड जिल्ह्यात किती हर्निया नि अपेंडिक्स काढले, देव जाणे. मागे केजच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यानं मला सदरा वर करून टाका दाखवला होता. "लई गुणी डाक्टर व्हता," म्हणाला. नाव विचारलं, तर हसला. गाव, साल, रात्रीची वेळ, बाहेरचा पाऊस सगळं त्यानं सांगितलं, ते बंधूच होते. मी काही बोललो नाही. का, कोण जाणे.

सकाळी सौ.ला सांगितलं, पैंजणांना मी वेगळे पैसे देतो, आणि यापुढे याला रांगोळी लावायची नाही.

"मग काळं पडेल."

"पडू दे."

पडलं. गेल्या आठवड्यात नात ते घेऊन आली आणि विचारू लागली, "आजोबा, हे कोण?"

सौ. आतून म्हणाली, "सांगा आता!"