भीषणाची कथा आणि लेखकाची जीत

दंगलीवरची कथा चांगली वठली, तिला बक्षीसही मिळाले, तर जिंकले कोण? मेलेल्यांच्या दुःखावर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न टाळता येऊ नये. निदान सआदत हसन मंटो वाचल्यावर तरी.

मुंबईच्या सिनेधंद्यात बरीच वर्षे काढलेला मंटो जानेवारी १९४८ मध्ये लाहोरला गेला. तिथे त्याने 'खोल दो' लिहिली. फाळणीच्या धामधुमीत हरवलेल्या सकीनाला तिचा बाप सिराजुद्दीन शोधतो आहे. आठ तरुण स्वयंसेवक तिला आणून द्यायचे वचन देतात. शेवटी छावणीच्या दवाखान्यात डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो, आणि ते दोन शब्द ऐकून त्या अर्धमेल्या मुलीचे हात सलवारीच्या नाडीकडे जातात. मुलगी जिवंत आहे म्हणून बाप आनंदाने ओरडतो. डॉक्टरला घाम फुटतो. बस्स. अत्याचाराचे एकही वर्णन नाही. कसब म्हणायचे ते हेच.

पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ते आठ तरुण शत्रूपक्षाचे नव्हते. सकीनाच्याच कौमचे, मदतीला म्हणून निघालेले. परक्याच्या पापावर लेखणी आपोआप धावते, आपल्या माणसांपाशी अडखळते. साक्ष स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध जात असली तरी न्यायानेच द्या, हा सूरह निसामधला हुकूम (आयत १३५) आपल्याला पाठ असतो. कागदावर उतरवायला मात्र मंटोचे काळीज लागते.

या साक्षीचे त्याला काय मिळाले? कथा छापणाऱ्या 'नुकूश' मासिकावर सहा महिने बंदी. 'ठंडा गोश्त'वर खटला : तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड, अपिलात सुटका, पुढे हायकोर्टात पुन्हा दंड. साक्षीला आलेले फैज अहमद फैज कथा अश्लील नाही म्हणाले. पण उच्च साहित्याच्या कसोटीला ती उतरत नाही, हेही त्यांनी सांगून टाकले! १९५५ मध्ये मंटो गेला. २०१२ मध्ये पाकिस्तानने त्याला 'निशान-ए-इम्तियाज' जाहीर केला. यातले काय जमेला धरायचे?

१९९२-९३ च्या मुंबईवर आपण लिहिले, आणि ते लिहिणे भागच होते. आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच माणसांनी उद्ध्वस्त केलेल्या बाईची कथा मात्र अनेकांच्या वहीत अर्धीच पडून आहे. संपादक 'सध्या नको' म्हणतो, आणि लेखकालाही सुटल्यासारखे वाटते.