रांगेतले आणि रांगेबाहेरचे

अमेरिकेतली गॅलप ही संस्था तिथल्या लोकांना स्थलांतरितांविषयी वर्षानुवर्षं काही ठरावीक प्रश्न विचारत आली आहे. २०२४ च्या पाहणीत त्यातले दोन असे होते. देशात बेकायदा राहणाऱ्या सगळ्यांना परत धाडावं का? ४७ टक्के लोकांनी हो म्हटलं. आणि बेकायदा राहणाऱ्यांनी काही अटी पूर्ण केल्या, तर कालांतराने त्यांना नागरिक होण्याची संधी द्यावी का? यावर ७० टक्के हो म्हणाले. बेरीज होते ११७. म्हणजे शंभरातल्या किमान सतरा जणांनी एकाच बैठकीत दोन्ही गोष्टींना मान डोलावली. सगळ्यांना हाकला, आणि त्यांना नागरिकही करा.

या सतरा जणांची टिंगल करणं सोपं आहे. मला ते उलट बरेच प्रामाणिक वाटतात. ‘सगळे’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते टीव्हीवर पाहिलेली सीमेवरची गर्दी, चेहरा नसलेली. ‘अटी पूर्ण करणारा’ म्हटलं की येतो शेजाऱ्याच्या छपराची दुरुस्ती करून गेलेला माणूस, नाहीतर म्हाताऱ्या आईला आंघोळ घालायला येणारी बाई. पहिल्या प्रश्नाचं उत्तर भीती देते, दुसऱ्याचं ओळख देते. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात असतात. आपल्याकडेही ‘परप्रांतीयांचे लोंढे’ म्हणून कडाडणारा गृहस्थ स्वतःच्या दूधवाल्या भय्याविषयी बोलताना एकदम मवाळ होतो, हे काही नवं नाही.

वर्षभरानं, जून २०२५ मध्ये, तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले. मधल्या काळात ट्रम्प यांचं सरकार आलं होतं, धरपकड सुरू झाली होती. हाकला म्हणणारे ३८ टक्क्यांवर उतरले होते आणि नागरिकत्वाची वाट मोकळी करा म्हणणारे ७८ टक्क्यांवर चढले होते. लहानपणी आईबापांनी आणलेल्या मुलांपुरता प्रश्न विचारला, तर ८५ टक्के. लोकांचं मन एका वर्षात इतकं उदार झालं, असं मी म्हणणार नाही. फक्त ‘सगळे’ या शब्दाला अचानक चेहरे आले.

तरीही कायदा होत नाही. २००७ मध्ये बुश यांचा पाठिंबा असलेलं विधेयक सिनेटमध्ये अडकलं. २०१० च्या डिसेंबरात लहानपणी आलेल्या मुलांसाठीच्या ‘ड्रीम’ विधेयकाला सिनेटमध्ये ५५ मतं मिळाली, लागत होती ६०. २०१३ च्या जूनमध्ये सिनेटनं ६८ विरुद्ध ३२ मतांनी एक भलंमोठं विधेयक मंजूर केलं, आणि खालच्या सभागृहानं ते मतदानाला घेतलंच नाही. ७८ टक्के लोकांचं मत असूनही हे का घडतं, तर त्या ७८ मधला क्वचितच कुणी या एका मुद्द्यासाठी आपल्या खासदाराला घरी बसवतो. विरोध करणारा मात्र बसवतो. पसरट मत आणि धारदार मत यांच्या लढाईत बहुधा धार जिंकते.

हे सगळं अमेरिकेचं. मग मराठी वाचकाला त्याचं काय? एक कारण असं की तिथला मराठी माणूस या विषयात अलिप्त नाही. तो चांगलाच रागावलेला आहे. न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या कुठल्याही मराठी घरात हा विषय काढून पाहा. “आम्ही पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभे आहोत, आणि हे मागच्या दारानं आत!” हे वाक्य थोड्याफार फरकानं ऐकायला मिळेल. हा राग खोटा नाही. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार. कुठल्याही एका देशाला त्यातला ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळायचा नाही, असा नियम आहे. भारत आणि आइसलँड या बाबतीत एकाच मापात. परिणामी लाखो भारतीय ताटकळत आहेत. कुणाची आई गावी आजारी पडली, तर परतीच्या व्हिसाच्या शिक्क्याच्या चिंतेनं जावं की न जावं याचा विचार होतो. मुलगी तीन वर्षांची असताना गेलेली, तिथेच शाळा शिकलेली. एकवीस वर्षं पूर्ण झाली की आईबापांच्या व्हिसावरचा तिचा हक्क संपतो. तिनं परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा घ्यायचा, नाहीतर ज्या देशाचा तिला पत्ता नाही तिकडे निघायचं. कायद्याचं प्रत्येक पान नीट भरणाऱ्याच्या वाट्याला हे येतं.

म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये बेकायदा राहिल्याबद्दल परत धाडलेल्या १०४ भारतीयांना बेड्या घालून अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा तिकडच्या अनेक आपल्या लोकांची पहिली प्रतिक्रिया ‘बरं झालं’ अशी होती. इकडे बेड्यांवरून संसदेत गदारोळ झाला. विमानात बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे लोक होते; महाराष्ट्रातले तिघे होते. आपल्याकडे बातमी वाचताना अनेकांनी आधी तो तिघांचा आकडा शोधला असेल आणि तो लहान आहे हे पाहून सुस्कारा सोडला असेल. बेड्या पाहून ज्यांची मान खाली गेली, त्यांना लाज नेमकी कशाची वाटली, बेड्यांची की त्या माणसांची, हे ज्यानं त्यानं तपासावं.

पण रांगेचा मुद्दा सोडून चालणार नाही, कारण सगळी नैतिक बाजू त्यावर उभी केली जाते. प्रश्न असा की छपरावर काम करणाऱ्यानं, बागेत स्ट्रॉबेरी तोडणाऱ्यानं, हॉटेलात भांडी घासणाऱ्यानं कुठल्या रांगेत उभं राहायचं? इंजिनियरला रांग आहे, भली लांब का असेना. फारसं कौशल्य लागत नाही असं मानल्या गेलेल्या कामांसाठी कायद्यानं वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार ग्रीन कार्डं ठेवली आहेत, तीही साऱ्या जगासाठी. हंगामी शेतमजुरीचा व्हिसा आहे, पण त्यातून कायमचं राहण्याची वाट फुटत नाही. अमेरिकेतला कुणी सख्खा नातेवाईक नसेल, तर मेक्सिकोतल्या किंवा ग्वाटेमालातल्या मजुराला ‘रांगेत ये’ म्हणणं म्हणजे नसलेल्या खिडकीसमोर उभं राहायला सांगणं. आपला माणूस ज्या रांगेत शिणला आहे, त्या रांगेत तो मजूर घुसलेलाच नाही. त्याला ग्रीन कार्ड मिळालं नाही म्हणून आपल्या माणसाचा नंबर एक दिवसही पुढे सरकत नाही. २०१३ च्या विधेयकात तर दोन्ही गोष्टी एकत्र होत्या: नोकरीच्या ग्रीन कार्डावरची देशनिहाय मर्यादा काढून टाकणं आणि विनाकागद लोकांना वाट देणं. ते पडलं तेव्हा दोघंही पडले. दोघांना अडवणारा दरवाजा एकच आहे, हे आपल्या मंडळींना कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तर आवडत नाही.

अमेरिकेच्या जुन्या कायद्यात या प्रश्नाचं एक शहाणपणाचं उत्तर होतं. १९२९ मध्ये तिथे नोंदणीचा कायदा झाला. जो माणूस अमुक तारखेच्या आधीपासून देशात राहतो आहे, ज्याची वर्तणूक बरी आहे, त्याच्या येण्याची नोंद सापडत नसली तरी त्याला कायम राहू द्यावं, असा त्याचा आशय. ती तारीख सुरुवातीला १९२१ ची होती. मग ती सरकवत नेली: १९४० मध्ये ती १९२४ वर आली, १९५८ मध्ये १९४० वर, १९६५ मध्ये १९४८ वर, आणि १९८६ मध्ये १ जानेवारी १९७२ वर. तिथेच ती थांबली. कायदा आजही पुस्तकात आहे. अर्ज करायचा तर माणूस पन्नासहून अधिक वर्षं तिथे राहिलेला हवा. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको. झोपड्यांची कट-ऑफ तारीख १९९५ वरून २००० वर आणि पुढे पैसे भरणाऱ्यांसाठी २०११ वर गेलेली त्यानं पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी ‘आता ही शेवटची’ हेही ऐकलं आहे.

तारीख सरकवणं हा सत्तेचा लाळघोटेपणा आहे, मतांसाठी आहे, असं आपण म्हणतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. तरी त्या सवयीच्या मुळाशी एक नैतिक जाण आहे, ती मला महत्त्वाची वाटते. काळ स्वतःच एक हक्क तयार करतो. काल रात्री कुंपण ओलांडून आलेला आणि तीस वर्षांपूर्वी आलेला, यांचा गुन्हा कागदावर सारखाच असतो. पण तीस वर्षांत माणसाचं लग्न होतं, मुलं होतात, एखादं माणूस तिथल्या मातीत पुरावं लागतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक जोसेफ कॅरेन्स यांनी हाच मुद्दा नेटानं मांडला आहे: एखाद्या समाजात पुरेसा काळ राहिलेला माणूस त्या समाजाचा सभासद होतोच, सरकारनं त्याला तसं मानलं किंवा नाही मानलं तरी.

याच तत्त्वावर एकदा एका भारतीयानं अमेरिकन सरकारला हरवलं होतं, आणि त्याचं नावही आपल्या कानाला ओळखीचं वाटेल असं आहे. सखाराम गणेश पंडित १९१४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करू लागले. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांचे वकील पंडितच होते. निकालानंतर सरकारनं आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली, आणि पंडितांवरही खटला भरला. पंडितांनी वंशाचा वाद पुन्हा उकरला नाही. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही दिलेल्या कागदावर विसंबून मी इथे आयुष्य उभं केलं. मायदेशातले हक्क सोडले, अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं, वकिलीची सनद घेतली, घर घेतलं. आता कागद काढून घ्याल, तर पत्नीचंही नागरिकत्व जाईल. इतकी वर्षं गप्प बसून आज हे करणं न्यायाचं नाही. ते जिंकले. १९२६ मध्ये अपील न्यायालयानं निकाल त्यांच्याच बाजूनं कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही.

यावर कुणीही म्हणेल, पंडितांकडे सरकारनं दिलेला कागद होता, या लोकांकडे कसला आहे? आक्षेप बरोबर आहे, पण पुरता नाही. सरकार या लोकांना ओळखत नाही असं थोडंच आहे? विनाकागद माणसाला कर भरता यावा म्हणून तिथलं करखातं खास क्रमांक देतं. एका अभ्यासगटाच्या हिशेबानं २०२२ या एका वर्षात या लोकांनी केंद्र, राज्य आणि स्थानिक मिळून ९,६७० कोटी डॉलरचा कर भरला. त्यांच्या पगारातून कापलेला पेन्शनचा पैसा सरकारजमा होतो. पेन्शन त्यांना मिळत नाही. १९८२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यांच्या मुलांना सरकारी शाळेत घ्यावंच लागतं. एक हात पैसे घेतो, दुसरा पाटी-पुस्तक देतो, आणि तिसरा हात वीस वर्षांनी दारावर थाप मारतो. ज्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं, तोही या करारात पक्षकार आहे.

वजनदार आक्षेप दुसराच आहे, तो १९८६ चा. रेगन यांनी सही केलेल्या कायद्यानं त्या वेळी सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. बदल्यात विनाकागद मजूर ठेवणाऱ्या मालकांना शिक्षा होणार होती. माफी दिली गेली, शिक्षा कागदावर राहिली, कारण मालकानं ‘जाणूनबुजून’ ठेवल्याचं सिद्ध करायचं होतं आणि खोटं ओळखपत्र पाहून मान डोलावणं कुणालाही जमतं. पुढच्या वीस वर्षांत विनाकागद लोकांची संख्या कोटीपार गेली. ‘एकदा फसलो’ असं ज्यांना वाटतं त्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. माफीनं माफीची अपेक्षा वाढते, हे खरं. पण त्या कायद्यात काणाडोळा झाला तो मालकांच्या बाबतीत, आणि वसुली मात्र दर वेळी मजुराकडून निघते.

मधला मार्ग म्हणून काही जण सुचवतात की राहू द्या, काम करू द्या, मत देऊ नका. हे व्यवहारी वाटतं. आखातात पिढ्यान्पिढ्या राबलेल्या कोकणातल्या माणसाला ही व्यवस्था ठाऊक आहे. मात्र आखातातल्या राजांनी लोकशाहीचं वचन कधी दिलं नव्हतं आणि रत्नागिरीहून निघणाऱ्यानं परतीची तयारी मनात ठेवलेली असायची. ज्या देशानं प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही म्हणून बंड केलं, त्या देशात कर भरणारा पण कधीच मत न देणारा एक कायमचा वर्ग तयार होणं मला धोक्याचं वाटतं. आपल्याला तर अशा कायमच्या वर्गांचा अनुभव मोठा आहे.

‘ड्रीम’ विधेयक पहिल्यांदा २००१ मध्ये मांडलं गेलं. २०१२ मध्ये ओबामांनी त्या मुलांना दोन-दोन वर्षांची मुदतवाढ देणारी तात्पुरती सोय केली, तीही अजून कोर्टकचेऱ्यांत लोंबकळते आहे. त्या वेळी तिशीला टेकलेली ‘मुलं’ आता पंचेचाळिशीकडे झुकली आहेत. त्यांची मुलं तिथेच जन्मलेली, म्हणून जन्मानं अमेरिकन. काहींनी मतदानही केलं असेल. एकविसाव्या वर्षी अमेरिकन मुलाला आईबापांसाठी ग्रीन कार्ड मागता येतं. पण आई सीमा चोरून आली असेल, तर साधारणपणे तिला त्यासाठी देशाबाहेर जाऊन अर्ज करावा लागतो, आणि बाहेर पाऊल टाकताच १९९६ च्या कायद्यानं तिच्यावर दहा वर्षांची बंदी लागू होते. बंदीत सूट मागायची सोय आहे. तिच्या जाण्यानं नवऱ्याला किंवा तिच्या स्वतःच्या आईबापांना पराकोटीचा त्रास होणार आहे आणि ते नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहेत, असं तिला सिद्ध करावं लागतं. मुलांना होणारा त्रास त्यासाठी थेट धरला जात नाही.