जपलेले आणि झिजलेले

अपरिग्रहाचे व्रत बदलीच्या नोकरीत माणसाला न घेताच पाळावे लागते. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना घरातल्या प्रत्येक वस्तूला एकदा तरी विचारावे लागते, 'तू येणार की राहणार?' तरीही पुष्कळांच्या ट्रंकेच्या तळाशी एखादी निरुपयोगी वही असतेच. तिकिटांची, नाहीतर माझ्याप्रमाणे काड्यापेट्यांच्या छापांची. म्हणून संग्रह हा गुण की दोष, हा प्रश्न मला केवळ पोथीतला वाटत नाही.

जपानी मल्लांच्या जुन्या पत्त्यांत तो फार स्पष्ट दिसतो. 'मेंको' म्हणजे जाड पुठ्ठ्याचे तुकडे. त्यांवर सुमो मल्लांची रंगीत चित्रे छापीत. मुलाने आपला पत्ता जोराने जमिनीवर आपटावा आणि त्या धक्क्याने शेजारचा उलटला की तो जिंकून घ्यावा, असा खेळ. १९३६ ते १९३९ या काळात लागोपाठ ६९ कुस्त्या जिंकणाऱ्या फुताबायामासारखे वीर अशा धुळकट मुठींतून फिरत. आपल्याकडेही छाप मांडून चपट्या दगडाने उडविणारी पोरे होतीच.

आज संग्राहक सर्वांत अधिक मोल देतो ते कोपराही न दुमडलेल्या पत्त्याला. म्हणजे जो कधी खेळलाच गेला नाही, ज्याने आपला धर्म पाळला नाही, तो श्रेष्ठ. आणि ज्याने शंभरदा मार खाल्ला तो कवडीमोल! यात अन्याय आहे खरा. पण संग्राहकाला दोषी ठरविण्याची घाई करू नये. झिजलेले बहुतेक पत्ते मातीस मिळाले; त्या मल्लांचे चेहरे आज दिसतात ते पुष्कळसे या कृपणांमुळेच.

तंजावरात राहून संग्रहाचा विचार करणाऱ्याला दुसऱ्या सरफोजीराजांना टाळून जाता येत नाही. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग तेवढा त्यांच्याकडे उरला. पुढे १८३२ पर्यंत त्यांनी ग्रंथ, नकाशे, चित्रे जमविली. सत्ता गेलेल्याचा विरंगुळा, असे कोणी म्हणेल, आणि ते थोडेसे खरेही असेल. सरस्वती महालात ले ब्रून या फ्रेंच चित्रकाराची चित्रे आहेत. माणसाचा चेहरा आणि पशूचा चेहरा शेजारी मांडून त्याने साम्य दाखविले आहे. ती कुतूहलाने आणलेली. नेत्ररोग्यांच्या नोंदींबरोबर काढविलेली डोळ्यांची चित्रे मात्र उपचाराच्या कामासाठी होती. आणि तिथले मोडी कागद तर कोणी संग्रह म्हणून लिहिलेच नव्हते! हिशेब, हुकूम, पत्रव्यवहार. आपल्यासारख्याच कारकुनांनी दिवसाचे काम म्हणून उरकलेले. झिजण्यासाठी जन्मलेले आणि जपण्यासाठी आणलेले आता एकाच छपराखाली आहे, आणि अभ्यासकाला दोन्ही सारखीच मोलाची वाटतात. १९१८ साली हे ग्रंथालय सार्वजनिक झाले, ही मला त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना वाटते. दोष साठविण्यात नसावा, झाकण लावून बसण्यात असावा.

एक गाठ मात्र यानेही सुटत नाही. मल्लाच्या चित्रावर प्रेम करणे सोपे असते. चित्राला खुराक लागत नाही, निवृत्तिवेतन द्यावे लागत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो २००१ साली, मरणोत्तर. एखाद्या रसिकाकडे त्यांचे हेलसिंकीचे छायाचित्र असेल, तर तो ते उन्हापासून, वाळवीपासून खात्रीने जपत असेल. १९५२ ते १९८४ ही बत्तीस वर्षे मात्र ते स्वतःच आपल्यात होते.