वकिलाचा सल्ला आणि घरचा न्याय

वैद्य आणि वकील या दोघांपाशीं कांहीं लपवूं नये, असें आपल्याकडे वडीलधारी माणसें सांगत आलीं आहेत. वैद्यानें सांगितलेलें पथ्य दुखणें बरें झालें म्हणजे सुटतें. वकिलानें सांगितलेलें पथ्य मात्र पुष्कळ घरांतून खटला संपल्यावरहि पाळलें जातें, आणि हळूहळू तेंच त्या घराचें नीतिशास्त्र होऊन बसतें. या दुसऱ्या पथ्याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. विषय फौजदारी कोर्टांतला दिसला, तरी तो पांढरपेशा घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोंचला आहे, हें वाचकांस सांगावयास नकोच.

एक उदाहरण कल्पूं. चांगल्या घरांतला, चांगल्या पगाराचा आणि एरवीं मवाळ स्वभावाचा एक तरुण मित्रांच्या मेजवानीहून मध्यरात्रीनंतर स्वतःच मोटार चालवीत घरीं निघतो. चौकांत त्याच्या मोटारीचा धक्का एका रिक्षाला लागतो. रिक्षावाला खालीं उतरून चार शब्द बोलतो. त्यांना उत्तर या तरुणाची जीभ देत नाहीं, हात देतो. रिक्षावाल्याचा ओठ फुटतो, भुवईवर टांके पडतात. पोलीस येतात, तरुणाचें रक्त तपासलें जातें. शंभर मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपेक्षां अधिक मद्यार्क सांपडला म्हणजे मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १८५ खालीं गुन्हा होतो; २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. दुखापतीचें कलम निराळें. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें साध्या दुखापतीसहि एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. पहांटे तरुणाचे वडील वकिलाचें दार ठोठावतात.

वकील अनुभवी आणि सज्जन आहेत असें धरूं. ते सांगतात: “नांवपत्ता विचारतील तो नीट सांगा, रात्रीं काय घडलें याविषयीं माझ्यावांचून कोणाशीं अवाक्षर बोलूं नका. न वाचलेल्या कागदावर सही करूं नका. श्वास किंवा रक्त देण्यास नकार देऊं नका, कारण नकार हाच आपल्याविरुद्ध धरला जाईल. कोर्टांत गुन्हा नाकबूल करा. आणि मुख्य म्हणजे त्या रिक्षावाल्याकडे जाऊं नका. माफी मागाल तर ती कबुली ठरेल. पैसे द्याल तर साक्षीदार फोडण्याचा आरोप येईल.”

या सल्ल्यांत पाप आहे काय? सत्यवचनाचे धडे देणारा कोणीहि म्हणेल, कीं ज्यानें मारलें त्यानें ‘मारलें’ असें सांगावें, आणि तें सांगूं नको म्हणणारा वकील पापाचा भागीदार होय. आम्हांस हें मत मान्य नाहीं. आरोपीसमोर जो उभा असतो तो शेजारी नसतो, राज्यसत्ता असते. तिच्या हातीं पोलीस, तुरुंग आणि लेखणी तिन्ही असतात. म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या अनुच्छेदानें कोणाहि आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षी होण्याची सक्ति करतां येणार नाहीं, असें ठरविलें. पोलीस अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुराव्यांत घेतां येत नाहीं, हें तत्त्व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत होतें, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या अधिनियमांतहि तें कायम आहे. हे नियम अपराध्यांच्या लाडासाठीं झालेले नाहींत. चौकींत मारून वदविलेलें सत्य हें सत्य नव्हे, या कडू अनुभवांतून ते आलेले आहेत. अपराध्याला गप्प बसण्याचा हक्क नसेल, तर निरपराध्याचें मौनहि सुरक्षित राहात नाहीं.

शिवाय मद्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. सकाळीं शुद्धीवर आलेल्या त्या तरुणाला रात्रीचें किती आठवतें? पहिला हात कोणीं उगारला, किती वेळां उगारला, हें तो प्रामाणिकपणें सांगूं शकेलच असें नाहीं. पश्चात्तापानें भरून येऊन तो जें बोलेल, त्यांत लाज किती आणि आठवण किती, हें त्याचें त्यालाहि कळणार नाहीं. अशा वेळीं ‘थांब, बोलूं नको’ म्हणणारा वकील सत्य दडपीत नाहीं. आणि कोर्टांतील ‘नाकबूल’ या शब्दाचा अर्थहि ‘मीं केलें नाहीं’ असा शपथपूर्वक नसतो. ‘तुमचा आरोप तुम्ही सिद्ध करा’ इतकाच असतो. आरोपीचा जबाब घेतांना त्याला शपथ घालीत नाहींत, यांतहि कायद्याचें शहाणपण आहे.

येथपर्यंत आम्ही वकिलाच्या बाजूचे आहोंत. परंतु गप्प बसणें निराळें आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलणें निराळें. १८४० सालीं लंडनमध्यें लॉर्ड विल्यम रसेल या वृद्ध सरदाराच्या खुनाबद्दल त्याचा नोकर कूर्व्हाझिए याच्यावर खटला चालला. खटला चालूं असतांनाच आरोपीनें आपला वकील चार्ल्स फिलिप्स याच्यापाशीं गुन्हा कबूल केला, आणि तरीहि बचाव चालवा म्हणून आग्रह धरला. फिलिप्सनें न्यायासनावर बसलेल्या बॅरन पार्क यांचा सल्ला घेतला. त्यांनीं बचाव सोडूं नये असें सांगितलें. आरोपी फांशीं गेला. पुढें फिलिप्सवर कित्येक वर्षें टीकेचा वर्षाव झाला. त्यानें बचाव केला म्हणून टीका करणारेहि होते. पण खरा बोचरा आरोप असा होता, कीं खुनी कोण हें ठाऊक असतांना त्यानें भाषणांत घरांतल्या दासींवर संशयाची छाया पाडली. ती त्यानें पाडली कीं नाहीं, यावर वाद आहे. पाडली असेल तर तें अधर्म्य, यावर वाद होण्याचें कारण नाहीं. पुरावा अपुरा आहे असें म्हणण्याचा वकिलास अधिकार आहे. निर्दोष माणसाकडे बोट दाखविण्याचा नाहीं.

आमच्या उदाहरणांत ती दासी म्हणजे तो रिक्षावाला. ‘त्यानेंच आधीं शिवी दिली, त्यानेंच कॉलर धरली’ अशी उलट फिर्याद रचून तडजोडीस भाग पाडण्याची युक्ति कोर्टाच्या आवारांत सर्वांस ठाऊक आहे. ज्या क्षणीं घरचीं माणसें ती युक्ति पत्करतात, त्या क्षणीं त्यांनीं मौनाची ढाल टाकून खोटेपणाचें शस्त्र हातीं घेतलेलें असतें. मे २०२४ मध्यें पुण्यांत कल्याणीनगर येथें एका भरधाव मोटारीखालीं दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले, तें प्रकरण वाचकांस आठवत असेल. जामीन देतांना अल्पवयीन चालकाला अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितलें, याचा लोकांस संताप आला. पुढें त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपाचा निकाल न्यायालयानेंच करावयाचा आहे. पण त्यानें दाखविलेली सीमारेषा स्पष्ट आहे. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणें ही स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६१ मध्येंच ठरविलें. तोंड मिटण्याचा हक्क आहे. पुरावा बदलण्याचा हक्क कोणासहि नाहीं.

आतां सर्वांत अवघड प्रश्न उरतो. त्या रिक्षावाल्याकडे जाऊं नका, हा सल्ला कायद्याच्या दृष्टीनें बरोबर आहे, आणि तरीहि तोच घराची नीति सर्वांत अधिक बिघडवितो. अपराध घडल्यावर माणसाच्या मनांत जी पहिली निर्मळ इच्छा उठते, ती ज्याला दुखविलें त्याच्याकडे जाण्याची. तीच येथें दाबली जाते. आणि दाबलेली इच्छा खटल्याच्या तारखा संपेपर्यंत बहुधा मरून जाते. दोन वर्षांनीं निकाल लागतो, मुलगा पुराव्याअभावीं सुटतो, घरांत पेढे वांटले जातात. कोर्टानें ‘सिद्ध झालें नाहीं’ म्हटलें, घरानें ‘घडलें नाहीं’ असें ऐकलें!

आपल्या पूर्वजांनीं या दोन गोष्टी कधीं एक केल्या नाहींत. धर्मशास्त्रांत व्यवहार आणि प्रायश्चित्त हीं दोन निराळीं प्रकरणें आहेत. राजानें दंड करणें एक आणि पातक्यानें शुद्ध होणें एक. महाभारताच्या शांतिपर्वांत शंख आणि लिखित या भावांची कथा आहे. लिखितानें भावाच्या आश्रमांतील फळें न विचारतां खाल्लीं. शंखानें त्याचा अपराध झांकला नाहीं. राजा सुद्युम्नाकडे जाऊन दंड माग, असें सांगितलें. राजा क्षमा करण्यास तयार होता; लिखितानें क्षमा घेतली नाहीं आणि दोन्ही हात गमावले. पुढें नदींत स्नान करतांच ते हात परत आले. आज हात तोडणारा राजा नको, आणि तशी शिक्षा तर नकोच. पण त्या कथेंतील भावासारखा एक तरी माणूस प्रत्येक घरांत असावा, असें आम्हांस वाटतें.

वकिलासहि हें अशक्य नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत गांधीजी वकिली करीत असतां त्यांचे स्नेही आणि अशील पारशी रुस्तमजी जकात चुकविण्याच्या प्रकरणांत सांपडले. गांधीजींनीं त्यांना सांगितलें, कीं लाज तुरुंगाची नाहीं, चोरीची आहे. आणि जकात अधिकाऱ्यापुढें सर्व कबूल करावयास लावलें. कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट भरून प्रकरण मिटलें. रुस्तमजींनीं ही हकीकत लिहवून, चौकटींत बसवून आपल्या कचेरींत टांगली. कोणी म्हणेल, कीं तेथें अधिकाऱ्याचा गांधीजींवर विश्वास होता आणि कर्ज पैशांत मोजण्यासारखें होतें; फुटलेला ओठ पैशांत कसा मोजावा? आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक आरोपीनें चौकींत धांवत जाऊन कबुली द्यावी, असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं वकिलाला ‘काय सिद्ध होईल?’ असें विचारल्यावर बापानें मुलाला ‘काय केलेंस?’ हें विचारण्यास विसरूं नये. ‘दारूनें केलें’ हें उत्तर तर मुळींच चालूं देऊं नये. मितिलिनीच्या पिट्टाकसानें, प्यालेल्या माणसानें हात उगारला तर त्याला शुद्धीवरील माणसापेक्षां जास्त दंड करावा, असा कायदा केला होता, असें ॲरिस्टॉटल सांगतो. पेला ओठीं लावणारा हात शुद्धींतच होता.

आणि कायद्यानेंच येथें एक दार उघडें ठेविलें आहे, तें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. साधी दुखापत ज्याला झाली, त्याला तो गुन्हा आपण होऊन आपसांत मिटवितां येतो. पिऊन मोटार हांकण्याचा गुन्हा मात्र असा मिटवितां येत नाहीं. कारण पहिल्यांत ऋण एका माणसाचें आहे, तो तें सोडूं शकतो; दुसऱ्यांत ऋण त्या रात्रीं रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाचें आहे, आणि त्या सर्वांच्या वतीनें क्षमा कोण करणार? तेव्हां वकिलाच्या अनुमतीनें, त्याच्याच मध्यस्थीनें, औषधपाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च पोहोंचविणें, फिर्याद मागें घे अशी अट त्याला न जोडणें, आणि दुसऱ्या गुन्ह्याचा दंड निमूटपणें भरून काहीं काळ चाकाला हात न लावणें, एवढें तरी कोणाहि सज्जन घराला करतां येईल. यानें खटला थोडा अवघड होईल, कदाचित् नोकरीहि अडचणींत येईल. हा धोका नाहीं असें सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु तो टाळण्याची किंमत घरांतल्या धाकट्या भावंडांनीं दिलेली असते, कारण तीं सर्व पाहात असतात.

आमचे कित्येक विद्यार्थी आज नामांकित वकील आहेत. त्यांनीं अशिलाला गप्प राहण्यास सांगावें, निर्भयपणें सांगावें. तो त्यांचा धर्म आहे. मात्र त्या सल्ल्यास एक वाक्य जोडावें, कीं हें मौन सरकारपुढें पाळावयाचें आहे, स्वतःपुढें नव्हे. तेवढें वाक्य जोडलें, तर सुटून आलेला मुलगा खरोखर सुटलेला असेल.