श्रोत्याशिवायचं वक्तृत्व

1848 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आपली एक सभा काढली. तिच्या मराठी शाखेला ज्ञानप्रसारक सभा म्हणत. मुलं निबंध लिहून आणत, सगळ्यांसमोर वाचत आणि मग त्यावर चर्चा होई. स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला, बोलणं झालं, आणि पुढच्याच वर्षी, 1849 मध्ये, या मंडळींनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. वर्गात शिकवायलाही सुरुवातीला तेच उभे राहिले. कॉलेजच्या पोरांनी चार लोकांत बोलायला शिकावं ते कशासाठी, याचं याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

आज आपण ते दोन प्रकारे शिकवतो. एक म्हणजे अभ्यासक्रमातला ‘कम्युनिकेशन स्किल्स’चा पेपर. वाणिज्यापासून अभियांत्रिकीपर्यंत बहुतेक शाखांत तो कुठल्या ना कुठल्या नावाने असतो. त्यात प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक, प्रतिसाद अशी बाण काढलेली आकृती असते आणि परीक्षेत ‘संप्रेषणातील अडथळे स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर मुलं लिहून देतात. सत्र संपतं, क्रेडिट मिळतात, आणि तोंडातून एक वाक्य न काढता एखादी मुलगी बोलण्याच्या विषयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

दुसरा प्रकार वक्तृत्व स्पर्धेचा. विषय महिनाभर आधी जाहीर होतो. कुणीतरी भाषण लिहून देतं, मुलगा ते पाठ करतो. सन्माननीय व्यासपीठाला वंदन, एक शेर, दोन थोर पुरुषांची नावं, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे हात उंचवायचा हे ठरलेलं. सात मिनिटं झाली की घंटा, टाळ्या, पुढचा स्पर्धक. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण मनातल्या मनात स्वतःचं भाषण घोकत असतात. या स्पर्धांनी महाराष्ट्राला चांगले वक्ते दिले, हे मी मनापासून मानतो. खेड्यातल्या कितीतरी मुलामुलींची भीड तिथेच चेपली. पण या साऱ्यात श्रोत्याला काही काम उरलेलं नाही. तो काय समजला, कुठे अडला, त्याला काय पटलं नाही, हे कुणी विचारत नाही.

श्रोत्याला केवढा मान द्यायचा, हे आपल्याकडे ठाऊक होतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागून होते. आणि गाडगेबाबा तर माझ्या मते विसाव्या शतकातले आपले सर्वांत मोठे संप्रेषक. अक्षरओळख नाही, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं. त्यांचं कीर्तन प्रश्नांवर चाले. देव, नवस, कर्ज, दारू, पोरांची शाळा यांबद्दल ते समोरच्यांना साधासा प्रश्न टाकत. लोक ओरडून उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटी जी गोष्ट बाबांना सांगायची असे ती गावाच्याच तोंडून बाहेर पडे. संप्रेषणाच्या एका तरी अभ्यासक्रमात त्यांच्या कीर्तनाचा एक तास असायला नको का?

बाबा बोलत ते वऱ्हाडीत. आज वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत बोलणारं पोर माईकसमोर उभं राहिलं की आधी त्याचे उच्चार तपासले जातात. ‘न’ आणि ‘ण’मध्ये गफलत झाली की मागच्या बाकांवरून हसू फुटतं. ते हसू ऐकून कायमची गप्प झालेली मुलं मी पाहिली आहेत. प्रमाणभाषा शिकवावी, जरूर शिकवावी. पण आधी त्या पोराला त्याच्या भाषेत मुद्दा पुरा करू द्यावा. घरची बोली हा दोष समजणारा शिक्षक बोलणं शिकवू शकत नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

आणखी एक गोष्ट हरवली आहे, ती पूर्वपक्षाची. आपल्या शास्त्रचर्चेत स्वतःचा सिद्धान्त मांडण्याआधी प्रतिपक्षाचं म्हणणं नीट, त्याला मान्य होईल असं मांडावं लागे. वादविवाद स्पर्धेतल्या मुलाला मात्र समोरच्याची बाजू दुबळी करूनच सांगायची सवय लागते. एल्फिन्स्टन कॉलेजचेच पदवीधर असलेल्या डॉ. आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं भाषण या दृष्टीने मुलांपुढे ठेवावं. मसुद्याचं श्रेय ते आधी बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि इतर सहकाऱ्यांना देतात. मग साम्यवाद्यांचा आणि समाजवाद्यांचा संविधानाला विरोध का आहे, ते सांगतात आणि उत्तर देतात. केंद्राच्या हाती फार सत्ता गेली, हा आक्षेपही टाळत नाहीत. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण 26 जानेवारी 1950 ला प्रवेश करणार आहोत, हा त्यांचा इशारा एवढ्या तयारीनंतर येतो. म्हणून तो आजही टाळता येत नाही.

हे शिकवायला नवी इमारत लागत नाही की प्रोजेक्टर. प्राध्यापकांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे: यंदा भाषणाची सात मिनिटं पाचवर आणा आणि उरलेला वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांना द्या. निम्मे गुण त्या उत्तरांना ठेवा. प्रश्न विचारणाऱ्या मुलांमधूनही एक बक्षीस काढा.