नागसेनांच्या यादीत नसलेला पाटा

मिलिंद राजा भदंत नागसेनांकडे आला तेव्हा त्यांनी त्याला विचारलं, राजा, तू पायी आलास की रथातून? रथातून, राजा म्हणाला. मग रथ दाखव. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं, सांगाडा, जू, लगाम, यांतला रथ कुठला? राजा एकेकाला नाही म्हणत गेला. या सगळ्याचा ढीग म्हणजे रथ? नाही. मग हे सगळं सोडून रथ वेगळा कुठे आहे? तोही नाही. शेवटी राजानंच कबूल केलं, की या भागांच्या आधारानं 'रथ' असं नाव चालतं. नागसेन म्हणाले, बरोबर. 'नागसेन' हे नावही तसंच चालतं.

आमच्यासारख्या बौद्ध घरांत ही दोन नावं 'मिलिंदप्रश्न' हा ग्रंथ वाचण्याआधीच येऊन बसलेली असतात. औरंगाबादला बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजाचं नाव मिलिंद आणि त्याच्या परिसराचं नाव नागसेनवन. लहानपणी वडील मला देहूरोडच्या विहारात न्यायचे. तिथली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वतः बसवलेली. रथाची गोष्ट मी अशाच कुठल्यातरी वर्षावासातल्या वाचनात ऐकली. तिचा अर्थ मात्र मला हळूहळू हातातून कळत गेला, कारण मी लोणावळ्यात जुन्या हायवेला लागून गाड्यांच्या पाट्यांचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, काम करतो. टेम्पो, पिकअप, ट्रक, ज्याची कमान बसली, मेन पाटा तुटला, बुश गेले, तो माझ्याकडे येतो. नागसेनांच्या यादीत पाटा नाही. त्या काळच्या रथांना तो नव्हताच. म्हणूनच बहुधा मला त्या यादीत तो घालून बघावासा वाटतो.

पवन मावळातला एक पोरगा त्याच्या आजोबांच्या वेळची पिकअप घेऊन आला होता. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. आजोबांनी तिच्यातून इंद्रायणी तांदूळ वाहिला, बापानं पॉलीहाऊसच्या गुलाबाच्या पेट्या वाहिल्या. आता माल वाहायला घरात दुसरी गाडी आहे आणि ही पोराच्या वाट्याला आली. त्याला ती खाली बसवायची होती. चाकाच्या वरचं मडगार्ड टायरला टेकल्यासारखं दिसलं पाहिजे, अशी. मला ही हौस पोरकट वाटत नाही. जुनी गाडी रस्त्याला जवळ बसली की तिच्या लांबीला एक डौल येतो, तो मलाही दिसतो. पण खिशात पैसे बेताचे. पाट्यांचे नवे सेट, आखूड शॉकअप, बाहेरून मागवलेलं सामान, एवढं केलं तर खर्च गाडीच्या किमतीशी जाऊन भिडतो. म्हणून त्यानं स्वस्तातला मार्ग शोधून आणला होता. मागच्या जुडग्यातले मधले दोन पाटे काढायचे, पुढच्या टॉर्शन बारचा ॲडजस्टिंग बोल्ट सैल करायचा. मजुरी सोडली तर खर्च जवळजवळ शून्य. कुणी तर त्याला गॅसकटरनं पाटे तापवून बसवायलाही सांगितलं होतं. त्याला मी तिथंच नाही म्हटलं. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी एकदा उतरलं की तो पाटा राहत नाही, पट्टी होते; ती वाकते आणि परत येत नाही.

"दादा, फक्त उंची कमी होईल ना? गाडी तर तीच राहणार," तो म्हणाला.

त्याच्या 'फक्त'वर मी थांबलो. धर्माची चर्चा करणारी माणसं रथाच्या गोष्टीतून बहुतेक वेळा एकच गोष्ट उचलतात: रथ नाही, आत्मा नाही, सगळं नुसतं नावापुरतं. मग ऐकणाऱ्याला वाटतं, नावापुरतंच असेल तर कसंही केलं तरी काय बिघडतं? चार भाग काढा, दोन घाला. मला ती गोष्ट उलट्या बाजूनं लागते. रथ म्हणून वेगळं काही नसेल, नुसती जोडणीच असेल, तर जोडणीतल्या एका ठिकाणी हात लावला की हात सगळ्या रथाला लागला. ज्याला 'फक्त' म्हणता येईल असा भाग उरतच नाही.

पाट्यांचा जुडगा बघा. सगळ्यात वर मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना बुशाचे डोळे. खाली एकेक पाटा आखूड होत जातो, मधोमध सेंटर बोल्ट, यू बोल्टांनी सगळा जुडगा एक्सलला घट्ट. वजन आलं की कमान सरळ व्हायला लागते आणि पाटे एकमेकांवरून घसरतात. त्या घासण्यातच धक्क्याचा काही जोर जिरतो. पायरीपायरीनं आखूड होण्याचं कारण असं, की वाक कुठल्याही एका जागी साठू नये, लांबीभर वाटला जावा. मधला पाटा काढला की ती पायरी मोडते. वरचा पाटा बरोबर त्या मोकळ्या जागेशी जास्त वाकतो आणि पुढं कधीतरी तिथंच किंवा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो. तुटलेला पाटा आणून लोक म्हणतात, माल खराब निघाला. तो तुटला तो शेजारी नसल्यामुळे.

हे अजून जुडग्याच्या आतलंच झालं. त्या पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह आहे. त्याची दांडी एक्सलला जोडलेली. गाडीत माल भरला की बॉडी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की वजन वाढलं, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकामी गाडी वर उचललेली असते, तेव्हा तो दाब कमी ठेवतो, कारण हलक्या मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळाला तर ती जाम होऊन घसरतात. आता दोन पाटे काढा. रिकामी गाडीही खाली बसलेली. व्हॉल्व्हला वाटतं, माल भरलाय. आमच्याकडे पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना धुकं, ओला उतार, पुढं अचानक थांबलेला कंटेनर. पोरगा ब्रेक दाबणार, रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होणार आणि गाडीचं ढुंगण फिरणार. उंची आणि ब्रेक यांचा काही संबंध असेल हे त्याच्या मनातही नव्हतं. शॉकअपची चाल, प्रोपेलर शाफ्टचा कोन आणि त्यामुळे क्रॉसवर येणारा ताण, रबरी ठोकळ्यावर चेसिस आपटणं, हे मी त्याला भराभर सांगितलं. व्हॉल्व्हवर मात्र मी बराच वेळ घालवला, कारण तिथं नुसती झीज नाही. तिथं एका भागाला दुसऱ्या भागाबद्दल खोटी खबर जाते.

हे असेल तर ते होतं, हे नसेल तर ते होत नाही, अशी शिकवण बुद्धानं दिली. प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द मोठा आहे, आणि व्याख्यानात ऐकला की आकाशाएवढा वाटतो. मला तो त्या वीतभर दांडीत दिसतो.

पोरगा हुशार आहे. त्यानं मला उलट विचारलं, "पण दादा, पाटे तर आपोआपही बसतात. काळानं गाडी खाली आणली तर तुम्ही काही म्हणत नाही, मी आणली तर म्हणता." हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पुरला. तो बरोबर बोलत होता. वीस वर्षं माल वाहिलेल्या गाडीची कमान उतरतेच. अनित्यता ते काम फुकटात करते आणि व्हॉल्व्हला दोन्हींतला फरक कळत नाही. बुद्धानं कर्माचं मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितलं. मग काळाच्या हातून बसलेल्या पाट्याला कर्म नाही आणि माझ्या हातून काढलेल्याला आहे, एवढ्यावर सुटता येईल का? मला तसं वाटत नाही. घाटात परिणाम हेतू विचारत नाही. फरक कळण्याचा आहे. पाटे बसलेत हे ज्या दिवशी मला दिसलं, त्या दिवसापासून काळाचं कामही माझ्या खात्यावर आलं. बुश बदलायला आलेल्या माणसाला कमान बसलीय हे न सांगता पाठवलं, तर मी काहीच केलं नाही असं मला म्हणता येणार नाही.

कार्ल्याचं चैत्यगृह आमच्यापासून जवळ. एकवीरा आईच्या दर्शनाला येणारे हजारो लोक त्याच्या दारावरून जातात. आत छताला सागवानी कमानी आहेत, दोन हजार वर्षांच्या, मूळच्या. त्या काहीही पेलत नाहीत. वरचा अख्खा डोंगर स्वतःला धरून आहे. लाकडी चैत्यांची रीत दगडातही राहावी म्हणून त्या बसवल्या. माझ्या कामाच्या माणसाला ते बघताना चमत्कारिक वाटतं. तिथं सगळ्यांत जास्त भार घेणारी वाटणारी गोष्ट काढून टाकली तरी काही पडणार नाही, आणि पोराच्या गाडीत जे दोन पाटे त्याला जादा वाटतात त्यांच्यावर त्याचा जीव अवलंबून आहे. नुसतं बघून कळत नाही. भार कुठून कुठं जातो ते शोधावं लागतं.

त्याच लेण्यात खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवन आहेत. मिलिंदही यवन, म्हणजे ग्रीक, राजा होता. या दात्यांचा त्याच्याशी काही संबंध जोडायचा नाही, पण रथाचा प्रश्न ज्या लोकांच्या राजानं ऐकला, त्यांच्यातल्या कुणीतरी मावळात खांब दिला हे मला आवडतं. दारावरच्या लेखात धेनुकाकटाच्या एका सुताराचंही नाव आहे: सामी, वेणुवासाचा मुलगा. दार त्यानं केलं. नागसेन म्हणाले तसं नाव चालण्यापुरतंच असेल. तरी सामीनं ते कोरू दिलं, म्हणजे दाराबद्दल कुणी विचारलं तर जबाब द्यायला एक माणूस राहिला. हे कळल्यापासून मी सोडवून पुन्हा बांधलेल्या प्रत्येक जुडग्यावर माझी खूण पंच करतो. ग्राहकांना ती दिसतही नाही.

मिलिंदप्रश्नात एक आंबेचोरही आहे. तो म्हणतो, मालकानं जी कोय लावली ती मी नेली नाही. मी नेलेले आंबे वेगळे आहेत. तरी तो दोषी ठरतो, कारण ते आंबे त्या कोयीच्याच आधारानं आलेले. तीच वस्तू राहिली नाही म्हणून जबाबदारी तुटत नाही. मी पोराला हे गाडीच्या विक्रीवर लावून सांगितलं. दोन वर्षांनी त्याचं मन भरेल. गाडी एखादा भातवाला किंवा भाजीवाला स्वस्तात घेईल, कागदावर लिहिलेली भारक्षमता वाचून माल भरेल. पाटे कुणी काढले ते त्याला माहीत नसणार. तेव्हा गाडी पोराची नसेल, कदाचित टायर नवे असतील, रंगही वेगळा असेल. आंबे मात्र त्याच कोयीचे.

कायद्यापुरता प्रश्न सोपा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेल्या आणि नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. कायद्याच्या लेखी गाडी म्हणजे चेसिस नंबर, आणि तो पाटे काढले तरी तोच राहतो. म्हणजे पोराचं 'गाडी तीच राहणार' कायद्यालाही मान्य आहे. म्हणूनच कायदा त्याला पकडू शकतो.

मी पाटे काढणार नाही हे त्याला सांगितलंय. त्याला दुसरीकडे काढून मिळतील, हेही दोघांना माहीत आहे, म्हणून नुसता नकार देऊन मला गप्प बसवलं नाही. आधी गाडी रिकामी उभी करून चारही कोपऱ्यांत मडगार्डापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं, मग माल भरून पुन्हा घ्यायचं, आणि कंपनीच्या मापाशी ताडून बघायचं, एवढं त्यानं कबूल केलं. माझा अंदाज आहे की मागची कमान आधीच बसलेली आहे आणि व्हॉल्व्ह आजच चुकीची खबर ऐकतोय. तसं निघालं तर पहिलं काम गाडी वर घ्यायचं असेल आणि त्याचे पैसे त्याला द्यावे लागतील. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे खाली बसवायला आलो आणि तुम्ही वर उचलून देणार?" म्हणाला. हो म्हटलं. रविवारी तो आजोबांना घेऊन येणार आहे. गाडीत किती पोती भरायचे ते त्यांनाच नीट आठवतं.